पान चौदावरची लाट

“बाई, तेरानंतर एकदम पंधरा. चौदाव्या पानात काय भेळ बांधून खाल्लीत?”

आमच्या विभागाचे टंकलेखक पडवळ मशीनवरून मान न उचलता मला विचारत होते. १९८४ सालचा नोव्हेंबर होता आणि माझा पीएच.डी.चा प्रबंध टाइप होत होता. त्या काळी टंकलेखक फक्त शब्द टाइप करायचा आणि गणितासाठी मोकळी जागा सोडायचा. त्या जागांत मग विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं, काळ्या शाईनं, पाचही प्रतींत चिन्हं भरायची. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हा कायम काळी असायची.

“पडवळ, मुळातच नाहीये ते पान. ज्या प्रबंधावरून उतरवतेय त्यातलं कुणीतरी ब्लेडनं कापून नेलंय.”

“मग तुमचं तुम्ही लिहा की.”

पडवळ हे सहज बोलून गेले. पण असं काही करायची आमच्या विभागात पद्धत नव्हती.

पद्धत सांगते. माझे मार्गदर्शक प्राध्यापक त्र्यंबक विनायक टेंबे, म्हणजे लाटांचे टेंबे. समुद्रातली लाट बेटावर आपटून परत फिरते तेव्हा तिचं पुढे काय होतं, याचं सूत्र त्यांनी १९६३ साली मांडलं आणि ते कलकत्त्याच्या एका नियतकालिकात छापून आलं. टेंबे सूत्र. वाईच्या एका भिक्षुकाचा मुलगा, दोन वर्षं इंग्लंडला जाऊन आलेला, आणि सदतिसाव्या वर्षी स्वतःच्या नावाचं सूत्र! विद्यापीठानं त्यांचा फोटो ग्रंथालयात लावला. स्वतः सर मात्र समुद्राला जाम घाबरायचे. विभागाची सहल मालवणला गेली तेव्हा ते बूट-मोजे घालून, वाळूच्या बरेच अलीकडे, समुद्राकडे पाठ करून बसले होते.

तर त्या सूत्रावर टेंबे घराणं उभं राहिलं. पहिल्या विद्यार्थ्यानं गोल बेट केलं. दुसऱ्यानं लंबगोल. तिसऱ्यानं शेजारशेजारची दोन गोल बेटं केली आणि चौथ्यानं, त्याची जरा ओढाताणच झाली, एक गोल आणि एक लंबगोल. मी सातवी. माझ्या वाट्याला अर्धवट बुडालेलं बेट आलं होतं. सगळ्यांच्या प्रबंधात पहिलं प्रकरण एकच: टेंबे सूत्र, पानं एक ते वीस. ते प्रत्येकानं आधीच्याच्या प्रबंधावरून जसंच्या तसं उतरवायचं. आपले आकडे बरोबर आलेत का हे पाहायचं, तर आधीच्याच्या आकड्यांशी ताडून पाहायचं. ते जुळायचेच. न जुळून सांगतात कुणाला!

आता माझ्या आधीच्याच्या प्रबंधातलं चौदावं पान गायब. त्याआधीचे सगळे प्रबंध मुख्य ग्रंथालयात, आणि ग्रंथालय पुस्तकमोजणीसाठी महिनाभर बंद. सरांचा मूळ छापील लेख होता, पण त्यात ती मधली पायरी ‘यावरून उघडच आहे की’ एवढ्या शब्दांत उरकलेली. आणि माझ्याकडे महिना नव्हता. मी ज्या महिला महाविद्यालयात हंगामी शिकवत होते, तिथल्या प्राचार्या शहाणेबाईंनी मला लेखी कळवलं होतं: जूनच्या आत पीएच.डी. झाली तर नोकरी कायम, नाही तर जागा दुसऱ्या बाईंना. बाबा गेल्यापासून मी आणि आई त्या एका नोकरीवर जगत होतो. म्हणून एका रविवारी सकाळी, आई ज्या टेबलावर मटार सोलत बसली होती त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, मी नाइलाजानं ते पान स्वतः करायला घेतलं. एकवीस वर्षांत हे पहिल्यांदाच कुणी करत होतं, आणि तेही ज्ञानाच्या तहानेनं नव्हे.

माझं उत्तर पंधराव्या पानाशी जुळेना. तीनदा केलं. दुपारी एकला चूक सापडली, आणि ती माझी नव्हती.

चूक सांगते, समजायला अवघड नाही. लाटेचं गणित करताना काळाच्या पुढे कुणी उणे चिन्ह घेतं, कुणी अधिक. दोन्ही चालतात. रस्त्यानं डावीकडून जा नाही तर उजवीकडून, फक्त गावभर सगळ्यांनी एकच बाजू धरली पाहिजे. सरांनी पहिल्या तेरा पानांत उणे धरलं होतं. चौदाव्यावर त्यांनी, पंधराव्या पानावरच्या संदर्भावरून ते कळत होतं, इंजिनिअरांच्या एका पुस्तकातला तयार निकाल उचलून बसवला होता, आणि इंजिनिअर लोक अधिक धरतात. झालं. बेटावर आपटलेली लाट बेटापासून दूर जायच्या ऐवजी क्षितिजाकडून बेटावर चालून येत होती. तळ्यात दगड टाकावा, तर काठावरून वर्तुळं लहान लहान होत मध्यभागी यावीत आणि त्यांनी दगड उचलून आपल्या हातात आणून द्यावा, असा तो प्रकार होता. हे सहा जणांनी सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं. सहाही जण डॉक्टर झाले होते, त्यांतले तिघे विभागप्रमुख होते. माझं अर्धवट बुडालेलं बेटही त्याच पानावर उभं होतं.

“आई, लाट उलटी येतेय,” मी म्हणाले.

“येऊ दे,” आई म्हणाली. “आधी जेवून घे.”

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले. सर डबा उघडून काकडी खात बसले होते.

“सर, ते चौदावं पान.”

“काय झालं त्याला?”

“नव्हतंच, सर. कुणीतरी ब्लेडनं कापलंय.”

“लोक फार वाईट असतात,” सर म्हणाले आणि त्यांनी काकडीला मीठ लावलं. “मग?”

“मग मी स्वतः करून पाहिलं.”

सरांचा हात थांबला. “स्वतः? सगळं?”

“हो, सर. आणि सर, त्यात लाट...”

“थांब.” सरांनी काकडी धरलेला हात वर केला. “इथं नको. या खोलीत बोललेलं या खोलीतच राहतं. तुझं काय आलं ते व्हायव्हात सांग. सगळ्यांसमोर.”

“पण मग प्रबंधात काय लिहू? पंधराव्या पानाशी जुळत नाहीये.”

“आत्तापर्यंत सगळ्यांनी लिहिलंय ते लिही. नाडगौडाबाई, परीक्षकांना प्रबंध वाचायची सवय नसते. ऐकायची थोडीफार असते. तेव्हा तिथं बोल.”

एरवी ते मला नुसतं नाडगौडा म्हणायचे. बाई लावलं की चेष्टा करतायत असं समजायचं. मला इतका संताप आला की जिना उतरताना पायऱ्या दिसेनात. व्हायव्हात सांग म्हणे! फासावर उभं करायचं आणि म्हणायचं, आता काय तक्रार असेल ती मोकळेपणानं बोल. या माणसाला ऐकूनच घ्यायचं नाहीये, अशी माझी खात्री झाली.

आणि मला बंदर खात्याचे ते इंजिनिअर आठवले. दोन वर्षांपूर्वी ते बिचारे एका जेट्टीच्या भिंतीसाठी टेंबे सूत्र वापरता येईल का, हे विचारायला आले होते. सरांनी त्यांना खुर्चीसुद्धा दिली नाही. “हे शुद्ध गणित आहे! यावर एक वीटसुद्धा ठेवायची नाही!” असं म्हणत त्यांना पार फाटकापर्यंत पिटाळलं होतं. आम्ही विद्यार्थी तेव्हा सरांच्या ज्ञाननिष्ठेच्या गोष्टी महिनाभर कॅन्टीनमध्ये सांगत होतो. आता मला ती निव्वळ मग्रुरी वाटली. घरी येऊन मी चुकीचं चिन्ह पाचही प्रतींत व्यवस्थित भरलं, आणि व्हायव्हात तोंड उघडायचंच असं ठरवलं.

व्हायव्हा एप्रिलमध्ये झाली. बाहेरचे परीक्षक म्हणून डॉ. कुवळेकर आले. बाहेरचे म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाचे, एरवी ते घराण्यातले पहिले, गोल बेटवाले. सगळ्यांच्या व्हायव्हाला तेच यायचे. आल्याबरोबर त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला आणि कोपऱ्यातल्या पेढ्यांच्या बॉक्सकडे प्रेमानं पाहिलं. पेढे विद्यार्थ्यानं आदल्या दिवशीच आणून ठेवायचे, हीही पद्धतच. पहिल्या रांगेत शहाणेबाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना चारच्या आत निघायचं होतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं.

कुवळेकरांनी माझा प्रबंध हातात तोलून पाहिला. टंकलेखनाची तारीफ केली, तेव्हा मागून पडवळ खाकरले. मग त्यांनी विचारलं, “बेट अर्धवटच का बुडवलंत? पूर्ण का नाही?”

“पूर्ण बुडालेलं पुढच्या विद्यार्थ्यासाठी ठेवलंय, सर,” मी म्हणाले. ते खरंच होतं.

“छान, छान. दूरदृष्टी आहे.”

आणखी दोन-चार प्रश्न झाले आणि सरांची पाळी आली. सर प्रत्येक व्हायव्हात शेवटी एकच प्रश्न विचारायचे आणि तो सगळ्या विभागाला पाठ होता. प्रश्न झाला की विद्यार्थी हसून उत्तर द्यायचा, सर ‘शाब्बास’ म्हणायचे आणि चहा यायचा. सरांचा मिस्कीलपणा म्हणून तो प्रसिद्ध होता. आत्ताही बाहेर कपबश्या वाजायला लागल्या होत्या.

“नाडगौडा,” सर म्हणाले, “तळ्यात दगड टाकला. लाटा कुठं जातात?”

पाच व्हायव्हांच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या, दोन स्वतः बघितल्या होत्या, आणि तो प्रश्न नेमका काय विचारतो हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. ‘बाहेर’ म्हणावं तर हातातला प्रबंध खोटा. ‘आत’ म्हणावं तर जगातली सगळी तळी खोटी.

“आत, सर,” मी म्हणाले.

सर उठून उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ओरडतात. तेवढ्यात कुवळेकर मोठ्यानं हसले.

“अहो बाई! लाटा आत येतात? मग तुमचा दगड उडून परत तुमच्या हातात नाही का येणार?”

सगळी खोली हसली. शहाणेबाईसुद्धा हसल्या. कुवळेकरांच्या स्वतःच्या प्रबंधात, पान चौदावर, तो दगड एकोणीस वर्षं हातात परत येत होता.

“घाबरल्यात,” कुवळेकरांनी सगळ्यांना समजावलं. “आपण त्यांना आणखी एक संधी देऊ. डोकं शांत ठेवा, बाई. नीट विचार करून सांगा. लाटा कुठं जातात?”

एकच वाक्य बोलायचं होतं: कृपा करून सगळ्यांनी चौदावं पान उघडा. ते माझ्या ओठांवर आलं होतं. सर उभेच होते, अंगठ्यानं चष्म्याची एकच काच पुन्हा पुन्हा पुसत, माझ्याकडे बघत. शहाणेबाईंनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं. मला टेबलापाशी मटार सोलणारी आई दिसली.

“बाहेर, सर.”

टाळ्या पडल्या. सर सावकाश खाली बसले. “शाब्बास,” ते म्हणाले आणि चहा आला.

पाहुणे गेल्यावर मी पेढा घेऊन सरांच्या खोलीत गेले. पाया पडणं भाग होतं. मी वाकले तेव्हा डोक्यावरून त्यांचा आवाज आला.

“तुझ्या प्रबंधाप्रमाणे पहिलं उत्तर बरोबर होतं.”

मी तशीच वाकलेली राहिले. मग उभी राहिले. “तुम्हाला माहीत होतं, सर?”

“सदुसष्ट सालापासून. वर्गात फळ्यावर शिकवताना सापडलं. खडू हातात धरून तास संपायची वाट बघत उभा राहिलो. तोवर कुवळेकर डॉक्टर होऊन प्राध्यापक झाला होता. दुसऱ्याचा प्रबंध टाइपला गेला होता.”

“म्हणून तुम्ही तो प्रश्न...”

“कुवळेकरनंतरच्या पाचही जणांना विचारला. सगळे हसत हसत बाहेर म्हणाले. आपण बोललो काय आणि लिहिलंय काय, एवढं ताडून बघावंसं एकाला वाटलं नाही. आकडे तेवढे ताडून बघायचे! अगं, पुढच्या वर्षी मी रिटायर होतोय. शेवटी ते पान मीच कापलं.”

“तुम्ही?”

“दाढीच्या ब्लेडनं. म्हटलं, आता तरी कुणी करून बघेल.”

आता मला राग आवरेना. चार वर्षं ज्यांना सर सर म्हणत होते त्यांना मी थेट विचारलं, “मग स्वतः का नाही सांगितलंत?”

“भेकड आहे म्हणून,” सर म्हणाले. “कुणी चारचौघांत विचारलं असतं तर मला हो म्हणावंच लागलं असतं. आज तू ‘आत’ म्हणालीस तेव्हा मी त्यासाठीच उठलो होतो. दोन वाक्यं जुळवलीही होती. मग तू ‘बाहेर’ म्हणालीस. खरं सांगू? मला इतकं हायसं वाटलं, की माझी मलाच लाज वाटली.”

मलाही तसंच हायसं वाटलं होतं, आणि लाज अजून वाटायची होती.

सरांनी खण उघडून एक पाकीट काढलं. बंद केलेलं, पिवळं पडलेलं. त्यावर कलकत्त्याचा पत्ता होता आणि उजव्या कोपऱ्यात तिकिटांची रांगच्या रांग.

“दुरुस्तीचं टिपण आहे. दीड पान. सदुसष्टमध्येच लिहिलं. टपालाचा दर वाढला की मी आणखी एक तिकीट लावत आलोय. उद्या कुणी म्हणायला नको, टेंब्यांची तयारी नव्हती.”

“अजूनही पाठवता येईल, सर.”

“येईल ना. फाटकापाशीच पेटी आहे.” सरांनी पाकीट टेबलावर माझ्या बाजूला सरकवलं. “तुझी डिग्री सोमवारी मंजुरीला जातेय. तू सांग. सोमवारच्या आधी टाकू की नंतर?”

खिडकीतून फाटक दिसत होतं, आणि फाटकापाशी पडवळ कुणाला तरी माझे पेढे वाटत उभे होते. शहाणेबाई रिक्षात बसण्याआधी मला म्हणाल्या होत्या की ऑर्डर त्या स्वतः आणून देतील.

“नंतर, सर,” मी म्हणाले.

सर हसले. त्यात राग नव्हता. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि पाकीट माझ्या हातात दिलं. “सदुसष्टमध्ये मीही हेच म्हणालो होतो,” ते म्हणाले. “मग आता हे तूच ठेव. नंतर टाक.”

सोमवारी डिग्री मंजूर झाली आणि जूनमध्ये नोकरी कायम झाली. पाकीट टाकणारच होते, पण सरांचा निवृत्तीचा सत्कार ठरला आणि त्याच्या तोंडावर ते बरं दिसलं नसतं. मग सर आजारी पडले. मग गेले, आणि गेलेल्या माणसाची चूक काढणं आपल्याकडे चांगलं समजत नाहीत. पुढे त्यांच्याच जागेवर माझी नेमणूक झाली. माझे आठ विद्यार्थी डॉक्टर झाले. पूर्ण बुडालेलं बेट झालं, खडबडीत बेट झालं, सच्छिद्र बेट झालं. आता कॉम्प्युटर आलाय, त्यामुळे चौदावं पान उतरवून काढायचेही कष्ट कुणाला पडत नाहीत, ते या फाइलमधून त्या फाइलमध्ये आपोआप जातं. व्हायव्हाच्या शेवटी मी दगडाचा प्रश्न विचारते. आठही जण हसून बाहेर म्हणाले. बंदर खात्याचे लोक अधूनमधून येतात, त्यांना मी खुर्ची देत नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या निवृत्तीचा सत्कार आहे. कुवळेकर सत्त्याहत्तर वर्षांचे झालेत, पण अध्यक्ष म्हणून येतो म्हणालेत. एवढा समारंभ पार पडला की पाकीट टाकायचंच, असं मी ठरवलंय. परवा ते काढून पाहिलं आणि वर आणखी एक तिकीट लावलं. जागा उरली नव्हती, म्हणून ते पत्त्यावर चिकटवावं लागलं.